मत्स्यगंधेचा उजवा हात

वाणगाव, ३ सप्टेंबर १९८२

काम मला मिळालं. बोईसरला कारखान्याच्या वसाहतीत मोठी बाग होते आहे, तिथले सगळे पुतळे मी करायचे. मुंबईहून कोणी दाढीवाला शिल्पकार आणतील अशी माझी खात्री होती आणि त्याला मनातल्या मनात शिव्याही घालून ठेवल्या होत्या. त्या फुकट गेल्या. बागेचं काम बघणारे वर्तक साहेब म्हणाले, "मंदाताई, आम्हांला पुराण हवं आणि निसर्गही हवा. दोन्ही हातात हात घालून." माझ्यासारख्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाईला फळ्यावर आंबा आणि केळं याखेरीज काही काढायला मिळत नाही. पायात पाय घालून म्हणाले असते तरी मी हो म्हटलं असतं.

तळ्यात कालिया, चाफ्याखाली मोरावर बसलेला कार्तिकस्वामी, करंजाला पाठ लावून वाघ, आणि तळ्याच्या काठावर मुख्य म्हणजे मत्स्यगंधा. धनत्रयोदशीला उद्घाटन.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. तोंडाकडे न बघता माझ्या हातांकडे बघत राहिल्या. "सिमिटानं हात खरखरीत होतील," एवढंच बोलल्या. हात तपासायची त्यांना सवयच आहे. चंद्रभान, माझा नवरा, गेल्यापासून रोज सकाळी चहाचा कप देताना माझ्या मनगटावर नजर असते, सुनेने काही घातलं तर नाही ना म्हणून. स्वतः तरुणपणीच रिकाम्या हातांच्या झाल्या, त्यामुळे नियम पाठ आहेत.

१९ सप्टेंबर

कालिया झाला. शिवाजी गवंडी म्हणतो, "बाई, फणा काढलेला बोंबील वाटतो." शिवाजीचा हात चांगला आहे, तोंड वाईट आहे. त्याला म्हटलं, तू प्लास्टर बघ, पुराण मी बघते. मग लांब जाऊन पाहिलं तर खरंच बोंबील वाटत होता. दोन दिवस खपून मान जाड केली.

वाघ मात्र असा उतरला आहे की वसाहतीतली पोरं त्याला वळसा घालून जातात. रेती वाहणारी ठकी डोंगराकडची आहे. मी डोळे कोरले त्या दिवशी तिने वाघापुढे चिमूटभर तांदूळ ठेवले. मी हसले. म्हटलं, अगं, आत कोंबडीची जाळी आणि सळ्या आहेत. ती म्हणाली, "डोळे दिलेस ना? मंग बघतो तो." मी तिला अजून रेती आणायला पाठवलं.

२ ऑक्टोबर

मत्स्यगंधेचं तोंड मिळत नव्हतं. काढलेली सगळी चित्रं कॅलेंडरवरच्या लक्ष्मीसारखी. आज वसाहतीच्या फाटकाशी वॉचमनशी भांडणारी एक मासेवाली दिसली आणि मी तिथेच उभी राहिले. हनुवटी पुढे, कमरेवर एक हात, डोक्यावर पाटी, आणि पाटीखाली मान अशी ताठ की तिच्यावर देऊळ बांधावं. नाव जयवंती. इथल्याच किनाऱ्यावर नवापूरला दिली आहे, माहेर वसईकडचं.

मी म्हटलं, तुझा पुतळा करू का. ती म्हणाली, "माजा? माजं तोंड काय देवीचं हाय? मासं इकते मी." मी म्हटलं, ही देवी पण मासेवालीच होती, होडी वल्हवायची, पुढे राणी झाली. तिने जरा विचार केला. "मंग करा. पन नाक सुदारू नका. माज्या धन्याला हेच आवडतं."

७ ऑक्टोबर

जयवंती मासे विकून झाले की येते आणि उभी राहते. अखंड बोलते. धर्माजी, म्हणजे तिचा नवरा, तिच्याशी कसा भांडतो, मग बोटीवरून येताना कसा मुद्दाम मोठा सरंगा बाजूला काढून आणतो. "आता कडेला मासळी नाय ऱ्हायली, बाय. खाडीला पानी कसलं कसलं येतं, मासं उताणं पडतात. मंग आमची मानसं लांब जातात. दोन-दोन राती दर्यात." मला तिच्या गळ्याची रेघ साधायची होती, मी हूं हूं करत राहिले. साहेब बाजूलाच फेरी मारत होते. त्यांना ती फार पसंत पडली. म्हणाले, "आपल्या परिसराची अस्मिता!"

एक गोष्ट खटकते. तिच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या भरलेल्या असतात आणि उजवा हात कोपरापर्यंत मोकळा. नवापूरच्या बाकीच्या बायकांचे दोन्ही हात भरलेले असतात. वाढवल्या असतील कामात, सुरीच्या हाताला टिकत नसतील. विचारलं नाही. बांगड्यांविषयी मी कोणालाच काही विचारत नाही.

१५ ऑक्टोबर

आज कासार अंगणात आला होता, जाऊबाईंना नवरात्रासाठी चुडा भरायला. मी आत रंगाचे ब्रश धूत होते. सासूबाईंनी मुद्दाम हाक मारली. "मंदा, रंग तरी बगून जा, काय सुरेख आलेत." सगळ्यांसमोर. अंगाचा तिळपापड झाला. सात वर्षं झाली, तरी यांना मीठ चोळायला हात शिवशिवतात. मी बाहेर गेलेच नाही.

१८ ऑक्टोबर

पुतळ्याचा डावा हात वल्ह्यावर आहे, त्यात कासाराकडच्या बांगड्या बसवल्या. उजवा हात पाण्याकडे पुढे केलेला, कोपरापुढे अजून नुसत्या सळ्या. तो ओकाबोका दिसतो. सगळी नजर त्या रिकाम्या हाताकडे जाते. काहीतरी हवंच.

घरी माळ्यावरचा माझा चहाचा डबा काढला. चंद्रभानची मोटारसायकल मनोरच्या वळणावर ट्रकखाली गेली, त्या दिवशी शेजारच्या बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या, त्याआधी मी मोरीत जाऊन साबण लावून एकेक काढली होती आणि या डब्यात टाकली होती. बायकांना वाटलं आतच फोडल्या. डबा तेव्हापासून वर आहे. आश्चर्य म्हणजे त्याला गंज चढलेला नाही, धूळही नाही. आमची हवा कुलूप चार महिन्यांत खाते. चांगल्या पत्र्याचा असणार.

कोपरापासून खालचा भाग आधी लिंपून घेतला, बांगड्या त्यावर सरकवून सुतळीने वर बांधल्या, मग मनगट आणि पंजा केला. सिमेंट धरल्यावर सुतळी सोडली. सैलच आहेत, पण पंजा आल्यामुळे निघणार नाहीत. पश्चिमेचा वारा आला की किणकिणतात. शिवाजीला म्हटलं, दोन्ही कासाराकडच्याच. तोल साधला. त्यासाठीच घातल्या, दुसरं काही नाही.

५ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहून काढते.

जयवंती बऱ्याच दिवसांनी आली. पुतळा पुरा झालेला, गोणपाटाखाली झाकलेला. मी मोठ्या दिमाखात गोणपाट ओढलं. ती आधी हसली. "ऱ्हायलं की वो नाक तसंच!" मग पुतळ्याभोवती फिरली. उजव्या बाजूला आली आणि थांबली. वारा होता, बांगड्या वाजल्या. तिच्या तोंडावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरला. डोक्यावरची पाटी तिने खाली ठेवली, जवळजवळ टाकलीच.

"ह्या कोनी घातल्या?"

मी म्हटलं, मी. हात रिकामा बरा दिसत नव्हता.

मग तिने सांगितलं. तिच्या माहेरी रीत आहे. लग्न झालं की नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या काढून दर्याला देतात. दर्याने त्या घ्यायच्या आणि नवरा सांभाळायचा. मग जन्मभर त्या हातात बांगडी घालायची नाही. नवापुरात सासरी सगळ्या हसल्या, तरी तिने रीत सोडली नाही. "दिलेलं परत नाय घ्यायचं, बाय. त्याला दिसंल ना. तो बोलंल, माज्या बांगड्या मागारी गेल्या, मंग मी कशाला सांबाळू?"

मी म्हटलं, अगं, हा पुतळा आहे, तू नाहीस.

"मंग माजं तोंड कशाला लावलात?"

मी गोणपाट परत घालायला गेले. ती म्हणाली, काढा. मी म्हटलं, पंजा झाला आहे, आता फोडल्याशिवाय निघायच्या नाहीत. फोडायचं नाव काढताच तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. माझ्या लक्षात आलं मी काय बोलले. तिच्या तोंडाचा पुतळा, त्याच्या हातातल्या बांगड्या, आणि मी फोडायच्या म्हणते.

जाताना तिने विचारलं, "कोनाच्या हायत? जुन्या वाटतात." मी म्हटलं, कासाराकडच्या. खोटं बोलले. धर्माजी आजच पहाटे बोट घेऊन गेला आहे.

६ नोव्हेंबर

दिवसभर चिडचिड. एक मासेवाली येते काय, कान धरून मला माझीच कला शिकवते काय. मी काही अंधश्रद्धेला भीक घालणारी नाही. चंद्रभानच्या वेळी माझे दोन्ही हात भरलेले होते, काय उपयोग झाला? उद्घाटन आठवड्यावर आलं आहे, मी काही तोडणार नाही.

शिवाजीला सहज म्हणून विचारलं, पंजा न फोडता बांगड्या निघतील का. म्हणाला, "बाई, तुम्ही माणसाच्या निघतात का ते सांगा आधी." त्याला काय ठाऊक, साबण लावला की निघतात.

८ नोव्हेंबर

काल दुपारपासून वारा फिरला. आज चिकूची झाडं झोडपून निघाली, वाडीत पायापायाशी कच्ची फळं. रेडिओवर सांगितलं, समुद्रात वादळ आहे, सौराष्ट्राच्या बाजूला सरकतंय, बोटींनी परत यावं. जी बोट दर्यात आहे तिला रेडिओ कोण ऐकवणार?

९ नोव्हेंबर

नवापूरच्या बोटी परत आल्या. धर्माजीची आली नाही.

बागेत गेले तर जयवंती तळ्याच्या काठावर बसलेली. पाटी नाही, बडबड नाही. वॉचमनने सांगितलं, "सुबह से बैठी है, मेमसाब. मैंने रोका नहीं." मी शेजारी बसले. मला वाटलं शिव्या देईल. ती पाण्याकडे बघत राहिली. फक्त बांगड्या किणकिणल्या की तिचा उजवा खांदा आखडायचा.

मला फार भीती वाटली. धर्माजी बुडाला असेल याची, आणि तो माझ्यामुळे बुडाला असं मला जन्मभर वाटत राहील याचीही. मनोरच्या वेळी मला वाट बघावी लागली नव्हती. निरोप आला तो सगळं संपल्याचाच. ही बाई बसली आहे आणि तिच्यासाठी अजून काही संपलेलं नाही. माझ्या तोलासाठी मी तिचा जीव टांगून ठेवला आहे.

१० नोव्हेंबर

तोडला.

सकाळी छिन्नी घेऊन उभी राहिले. शिवाजी म्हणाला, साहेबांना विचारा. मी म्हटलं, तू चहा पिऊन ये. ठकीने मात्र काही न विचारता गोणपाटाची चुंबळ केली आणि पंजा खालून झेलून धरला. बांगड्या पुन्हा कोपराकडे बांधल्या. मनगटाभोवतीचं सिमेंट कण कण करून काढलं, आतली सळी लागली ती हॅक्सॉने कापली. ब्लेड दोनदा तुटलं. मनगट कापताना आवाज असा येत होता की ठकीने तोंड फिरवलं. शेवटी पंजा तिच्या हातात आला. सुतळी सोडली आणि बांगड्या घसरत माझ्या तळहातावर आल्या. एकही तडकली नव्हती. मी खाली बसून रडले. का रडले कोण जाणे, काम तर नीट झालं होतं.

साहेब आले. पुतळ्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "मंदाताई, तीन दिवसांनी पाहुणे येणार आहेत आणि तुम्ही देवीला थोटी केलीत?" मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार?

११ नोव्हेंबर

बांगड्या पदरात बांधल्या, पंजा गोणपाटात गुंडाळला आणि नवापूरची एसटी धरली. कंडक्टरने विचारलं, गोणपाटात काय, वजन दिसतंय. मी म्हटलं, हात आहे. तो पुढच्या सीटकडे गेला, पुन्हा फिरकला नाही.

किनाऱ्यावर बायका बसल्या होत्या. जयवंती त्यांच्यात होती. मी पदर सोडून बांगड्या तिच्यासमोर धरल्या. म्हटलं, अखंड निघाल्या, घे, दर्याला देऊन टाक. तिने एक उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. आतल्या बाजूने झिजलेली होती.

"खरं सांगा, बाय. ह्या कोनाच्या?"

"माझ्या."

तिच्या हातातली बांगडी पडायचीच राहिली. शेजारच्या म्हातारीने "अगो बाय" म्हणून पदर तोंडाला लावला. धनी दर्यात असलेल्या बाईच्या हातात मी विधवेच्या बांगड्या घातल्या होत्या. मला हे आजवर सुचलंच नव्हतं. तिथे उभं राहून, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन, आत्ता सुचलं. वाळूत गडप व्हावं असं वाटलं.

जयवंतीने बांगडीची झिजलेली बाजू बोटाने चाचपली. मग विचारलं, "तुमच्या फोडल्या नव्हत्या?"

"नाही. मी काढून ठेवल्या."

"मंग ह्या दर्याला नाय चालायच्या. दर्याला जित्या मानसाच्या नावानं देतात." तिने ती बांगडी परत माझ्या हातात ठेवली, रागाने नाही. "ह्या तुमच्या हायत. घरी न्या." मग गोणपाटाकडे बोट केलं. "तो माजा हाय ना? तो मी देते."

पंजा दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती कमरेइतक्या पाण्यात गेली. माझं सगळ्यांत चांगलं काम होतं ते. नखंसुद्धा तिच्यासारखीच कापलेली केली होती. तिने हात पाण्यात सोडला आणि मागे वळून पाहिलं नाही.

१३ नोव्हेंबर

धनत्रयोदशी. उद्घाटन झालं. मुंबईच्या पाहुण्यांनी पुतळ्यापुढे उभं राहून मान हलवली आणि म्हणाले, "हा तुटलेला हात म्हणजे आधुनिक माणसाची अपूर्णता." साहेबांनी लगेच टाळ्या वाजवल्या. सकाळपर्यंत माझ्याशी बोलत नव्हते.

भाषणं चालू असताना वॉचमन वाकत वाकत आला. "मेमसाब, गेट पे कोई आपका नाम ले रहा है." मी मागच्या बाजूने गेले. जयवंती, आणि तिच्याबरोबर एक काळाकुट्ट, उन्हाने सोललेला माणूस, दुसऱ्याचा शर्ट घातलेला. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "हाच."

बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याला लागून फुटली. माणसं सगळी जगली, तिकडच्या कोळ्यांनी जेवू घातलं, कपडे दिले, गाडीत बसवून दिलं. जयवंती बोईसर स्टेशनावरून त्याला घरी न नेता आधी इथे घेऊन आली होती. पाहुणे चहाला गेल्यावर दोघांना तळ्यापाशी नेलं. धर्माजीने पुतळ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा पुतळ्याकडे. "नाक बरोबर हाय," म्हणाला. मग विचारलं, "हिचा उजवा हात कुटं?"

"दर्याला दिला," जयवंती म्हणाली.

त्याने मान डोलावली. बोट गेली, आता काय करणार ते त्यालाही माहीत नाही, पण पुतळ्यापुढे दोघं उभी राहिली आणि तिने मला विचारलं, तुम्ही का रडता.

१४ नोव्हेंबर

आज सकाळी सगळे अभ्यंगस्नानाच्या गडबडीत असताना मी बांगड्या परत ठेवण्यासाठी डबा खाली आणायला माळ्यावर चढले. खाली उतरते तो सासूबाई शिडीशी उभ्या. डबा माझ्या हातात. मी लपवायला गेले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मला ठाव हाय त्यात काय हाय ते. दर दिवाळीला मीच पुसते. खोबऱ्याचं तेल लावते, नायतर आमच्या खाऱ्या हवेनं कवाच खाल्ला असता."

मी डब्यावरून बोट फिरवलं, तेलकट लागलं.

"गेल्या मयन्यात पुसायला काढला तर रिकामा. मला वाटलं, चला, घातल्यान एकदाच्या पोरीनं. कामावर जाऊन घालत असंल, घरी येताना काढत असंल. सात वर्सं रोज सकाळी बगते, आज तरी हातात असतील." त्यांनी डब्यावर हात ठेवला. "कासाराला पन मीच बोलावलेला. तू बाहेरच नाय आलीस."

मी म्हटलं, "आई, मला वाटायचं तुम्ही..." पुढे काय म्हणायचं होतं ते सात वर्षांचं होतं.

"मुलगा माजा गेला," त्या म्हणाल्या. "तुजे हात कुटं गेले होते? माज्या येळी मला कोनी इचारलं नाय, म्हनून मला तरी तुला कसं इचारावं ते समजलं नाय."

मग त्या मोरीतून साबण घेऊन आल्या. सिमेंटने माझे हात जाड झाले आहेत, बांगड्या चढेनात. आम्ही दोघी खाली बसलो. त्यांनी माझा अंगठा आत दाबून धरला आणि एकेक सरकवली, न फोडता. जाऊबाई दारात पणती घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. बाहेर पोरं फटाके लावत होती.

आज अक्षर फार वाईट येतं आहे. लिहिताना हात हलला की आवाज होतो, आणि मी दर शब्दाला थांबते.